पाणी उतरणं

आमच्याकडं म्हणतात, मण्यात पाणी उतरलं,
तेव्हा कडक हिरवा मणी मऊ पडतो
आणि उन्हात धरला तर आतली बी दिसते.
वकानला यंदा पाणी उतरलं ते फलजचं.
दगडी पाटात आधी घोट्याएवढं, मग बोटाएवढं,
मग नुसतं ओलं शेवाळ.

खल्फानच्या वाट्याला आठवड्याला चार अथर.
अथर म्हणजे अर्धा तास.
पूर्वी ताऱ्यांवर मोजायचे, आता मोबाईलवर.
तंटा तोच.
जून सरेपर्यंत चाराचे दोन झाले,
दोन अथरांत सव्वाशे वेली.
टॉर्च दातात धरून बारं मोडायचं, बारं धरायचं,
कुणाला पाजायचं, कुणाला नाही
हे रात्री दोनला ठरवायचं
आणि सकाळी त्यांच्याच समोरनं जायचं.

तासगावात मी वेलीला कधी झोपू दिलं नाही.
एप्रिलला खरड, ऑक्टोबरला फळछाटणी,
वर्षातनं दोनदा कात्री लावून उठवायची.
इथल्या पहिल्या थंडीत सगळी पानं गळाली
तेव्हा मी पहाटे खल्फानचं दार वाजवलं होतं,
बाग गेली म्हणून.
तो बाहेर आला, काडी नखानं खरवडली,
आतला हिरवा दाखवला.
नायमा, म्हणाला. झोपलीय.
मला माझ्या जुन्या वेली आठवल्या,
त्यांचे तारवटलेले डोळे.

जुलैच्या दहाला गोडी सोळा.
रिफ्रॅक्टोमीटर गावाकडनं आणलेला,
काचेवर एक ओरखडा, पण खोटं बोलत नाही.
खल्फान म्हणाला, तोडू. खालच्या बाजारात भाव आहे,
गांधीलमाश्याही सुटल्यात.
मी म्हणालो, अठरा होऊ दे. चार दिवस.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग डोंगराकडं,
आणि मान हलवली.
चार दिवस हा माझा शब्द.

तिसऱ्या दिवशी दुपारी
डोंगरावर ढग काळा झाला आणि गारा पडल्या.
हरभऱ्याएवढ्या. अकरा मिनिटं.
मी मंडपाखाली उभा होतो,
डोक्यावर क्रेट धरून, जणू माझंच डोकं फुटणार होतं.

मग पाटाला पाणी आलं.
गुडघाभर, तांबडं, काटक्या-लेंड्यांसकट.
सगळं गाव पाटावर धावलं.
पोरं पाण्यात, म्हातारे कठड्यावर,
खल्फान दिशदाशा वर धरून मधोमध उभा,
हसत होता. खरंच हसत होता.
मला हाका मारत होता, ये, बघ.
माझ्या हातात घड होता,
निम्मे मणी तडकलेले, रस कोपरापर्यंत.
मी हात हलवला. आलो म्हणालो.
गेलो नाही.

शफीकुल आणि मी चार रात्री बॅटरीच्या उजेडात
एकेका घडातनं फुटके मणी कातरत बसलो.
तो कुमिल्ल्याच्या त्याच्या तळ्याचं सांगायचा,
मी ऐकल्यासारखं करायचो.
दोनशेच्या जागी एकसष्ट क्रेट निघाले.
पायऱ्यांवरनं खांद्यावर, खाली पिकअपपर्यंत,
पायऱ्या मोजायच्या मी कधीच सोडून दिल्यात.

फुटके मणी खल्फानच्या आईनं मागून नेले.
झुवैना, ऐंशीची, एका डोळ्यानं बघते.
मडक्यात घातले, वर फडकं बांधलं,
म्हणाली, खल.
खल म्हणजे आमच्याकडं वाईट माणूस,
इथं सिरका.
मी सांगितलं तर ती इतकी हसली
की फडक्याची गाठ सुटली.

त्या चार दिवसांबद्दल खल्फान काही बोलला नाही.
पगार दिला, पूर्ण, मोजून.
ओरडला असता तर बरं झालं असतं.

रात्री पाट वाजत होता.
पाळी शेजाऱ्याची होती,
पाणी कुणालाच कमी पडणार नव्हतं,
तरी दोन वाजता मी उठलो,
टॉर्च शोधली, दातात धरली.